काय खाल्लं, काय वाचलं

लिस्बन,
२४ जून

ती. आजीस, आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

पत्र बाबांसाठी आहे, पण वाचायचं काम आईचं. तेव्हा आई, आधी कूलर बंद कर, नाहीतर आजीला ऐकू जायचं नाही. बाबांचा काळा चष्मा डोळ्यांवर आहे ना, तेही बघ. आणि एक ठरवून घे: जिथे ‘आई, मनात’ असं लिहिलंय तिथलं मोठ्याने वाचायचं नाही. मागे माझ्या तापाचं तू घडाघडा वाचून टाकलंस आणि आजीने आठ दिवस फोनवरून मला सुंठीचा काढा पाजला.

शनिवारी बाबा फोनवर म्हणाले, “डॉक्टरांनी वाचन बंद केलं, शुगरने गोड बंद केलं. राहिलं काय? आता तूच सांग, काय खाल्लं अन् काय वाचलं. पगार, व्हिसा, हवापाणी आईला सांग.” मोतीबिंदूनंतरचा नवा चष्मा यायला अजून तीन आठवडे आहेत म्हणता. तीन आठवडे फोनवर निभणार नाहीत. मी जरा रंगात येऊन सांगायला लागले की आई मागून विचारते, “भाजी कोणती केली?” म्हणून लिहून राहिली.

आधी एक जुना गुन्हा कबूल करते. बाबा सगळ्यांना सांगतात, पोरीला वाचनाची गोडी मी लावली. अर्धंच खरं आहे. मी दुसरीत असेन. बैठकीतल्या कपाटाच्या दुसऱ्या कप्प्यात कोशाचे जाड खंड होते आणि बाबा संत्रा बर्फीचा डबा त्यांच्यामागे लपवायचे. आजीपासून की माझ्यापासून, ते त्यांनाच माहीत. डब्याला हात घालायचा तर पहिले दोन खंड बाहेर काढावे लागत. ते काढताना आवाज व्हायचाच. मग कोणी आलं तर सोंग असावं म्हणून पहिला खंड मांडीवर उघडून बसायचे. बर्फी जिभेवर ठेवायची, चावायची नाही, कारण चावली की संपली. ती विरघळेपर्यंत समोर जे पान असेल ते वाचायचं. अंजीर. अंटार्क्टिका. बाहेर मे महिन्याची दुपार, सगळे झोपलेले, खिडकीत वाळ्याची ओली ताटी. अजूनही कोणी अंटार्क्टिका म्हटलं की माझ्या तोंडाला संत्र्याची चव येते. तुम्ही एकदा दारातून पाहून आईला म्हणालात, “पाहा, पोट्टी कोश वाचून राहिली!” तोंडात बर्फी असल्यामुळे मला खुलासा करता आला नाही.

आता इकडचं.

पत्ता तुम्हाला पाठ आहे, त्याचा अर्थ मात्र मलाही परवापर्यंत माहीत नव्हता. मी राहते ती वस्ती ग्रासा. टेकडीवर आहे; अठ्ठावीस नंबरची पिवळी ट्राम कण्हत-कुंथत वर येते. घर घेताना भाडं पाहिलं, जिने मोजले, नावाकडे कोण बघतं? भाषेच्या वर्गात कळलं की ग्रासा म्हणजे ग्रेस. बाबा, ऐकताय ना? आपल्या माणिक गोडघाट्यांनी जे नाव घेऊन जन्मभर कविता लिहिली, त्या नावाच्या टेकडीवर तुमची मुलगी चौथ्या मजल्यावर भाड्याने राहते. लिफ्ट नाही. ग्रेसांची कविता कळायला दमछाक होते म्हणणाऱ्यांनी इथे एकदा भाजीच्या पिशव्या घेऊन चढून पाहावं.

इथल्या पेसोआ या कवीचं तर एका टोपणनावावर भागलंच नाही. फर्नांदो पेसोआ, जन्म १८८८, मृत्यू १९३५. त्याने कवीच निर्माण केले: एक गावाकडचा साधा माणूस, एक डॉक्टर, एक इंजिनिअर. प्रत्येकाचं नाव वेगळं, जन्मकुंडली वेगळी, कविता लिहायची तऱ्हा वेगळी. मागे राहिली एक पेटी, तिच्यात पंचवीस हजारांच्या वर कागद. शियादो भागात ब्राझिलैरा म्हणून १९०५ सालचं कॉफीचं दुकान आहे, त्याच्या दारात त्याचा ब्राँझचा पुतळा टेबलाशी बसवलाय आणि शेजारी एक रिकामी ब्राँझची खुर्ची. लोक तिच्यात बसून फोटो काढतात. मीही बसले आणि उठले. एप्रिल-मेमध्ये नागपुरात बर्डीवर उन्हात लावलेल्या स्कूटरची सीट आठवली.

तिथून दोन पावलांवर बेर्त्रांद हे पुस्तकांचं दुकान आहे. १७३२ पासून चालू. १७५५ च्या भूकंपात लिस्बन पडलं तेव्हा तेही पडलं, मग जागा बदलून पुन्हा उभं राहिलं. जगातलं सगळ्यात जुनं चालू पुस्तकदुकान म्हणून त्याची नोंद आहे, आणि पुस्तक घेतलं की आत तसा शिक्का मारून देतात. बाबा, तुमच्यासाठी पेसोआच्या कवितांचं एक छोटं पुस्तक शिक्का मारून घेतलंय. पोर्तुगीज आहे. तुम्हाला वाचता येणार नाही, पण सध्या तुम्हाला मराठीही वाचता येत नाही, तेव्हा फरक काय.

वाचनाचं खरं सांगायचं तर मी परत बालवाडीत आहे. वर्गातल्या बाईंनी सांगितलं, वर्तमानपत्राच्या नादी लागू नका, मुलांची पुस्तकं वाचा. म्हणून गाल्वैयश राजवाड्यातल्या सार्वजनिक वाचनालयाचं कार्ड काढलं. फुकट. (ज्यांना १९९८ साली नोबेल मिळालं ते सारामागो तरुणपणी गॅरेजात मेकॅनिक होते आणि संध्याकाळी वाचनालयात येऊन मिळेल ते वाचायचे, ते हेच वाचनालय. मी ज्या खुर्चीत बसते ती त्यांची नसणार, स्प्रिंग नवी आहे.) तिथून एका कोंबडीची गोष्ट आणली. कोंबडीला समुद्र पाहायचा असतो. मोठी अक्षरं, पानभर चित्र, चित्राखाली चार ओळी. या चार ओळींना मला पाऊण तास लागतो. मला! जिला तुम्ही म्हणायचात, ही पुस्तक वाचत नाही, गिळते. सहामाहीच्या परीक्षेआधी तीन कादंबऱ्या संपवल्या म्हणून आईने लायब्ररीचं कार्ड लपवलं होतं, तीच मी. आता तीन आठवडे झाले, कोंबडी अजून स्टेशनात पोचली नाही.

पण मजा येऊन राहिली, बाबा. एक शब्द अडतो, तो वहीत काढायचा, परत वाक्याच्या सुरुवातीला जायचं. मग अचानक वाक्य सुटतं आणि कळतं की कोंबडीने तिकीटबाबूशी वाद घातलाय. केवढं हसू येतं! मराठीत मी हे वाक्य पाहिलंही नसतं, नजर पुढे पळाली असती. चावायचं नाही, विरघळू द्यायचं, तसंच काहीसं.

आणि बटाट्याची गंमत ऐक आई. इथे बटाट्याला बटाटाच म्हणतात. काजू काजू, अननस अननस, पाव जवळजवळ पाव, आणि चावी म्हणजे ‘शाव’. म्हणजे मुंबई-पुण्याचा माणूस इथे बाजारात उतरला तर निम्मी भाजी बोलून घेईल. अडली कोण? नागपूरची मी! जन्मभर आलू म्हटलं. आलुबोंडा, आलूची भाजी, आलूचे पराठे. मावशीने पुण्यात तीस वर्षं टोकूनही जो शब्द माझ्या तोंडी बसला नाही, तो इथल्या भाजीवाल्याने एका सकाळी बसवला. पेरूचं मात्र जपून. इथे ‘पेरू’ म्हणजे टर्की. जांब म्हणणारे आपण त्यात सुखी.

मी स्वतः, कोणाला न विचारता, पहिल्यांदा वाचलेले पोर्तुगीज शब्द कोणते सांगू? बोलू द आरोश. तांदळाच्या पिठाचा उभट केक असतो, त्याला कागदाची पट्टी गुंडाळलेली आणि त्या पट्टीवर त्याचं नाव छापलेलं. कोपऱ्यावरच्या बेकरीत काचेआड सगळ्या गोडांची गर्दी, एकाचंही नाव माहीत नाही, आणि हा एकटाच अंगावर पाटी लावून उभा. वाचला, मागितला, मिळाला. खाऊन झाल्यावर पट्टी उलगडून परत वाचली. बाबा जिलबीचा पुडा संपल्यावर पुड्याचा तेलकट कागद उजेडात धरून वाचायचे ना, बातमी अर्धी फाटलेली असली तरी? तशी.

आता ज्यासाठी बाबा कान टवकारून बसलेत ते. पास्तेल द नाता, इथली छोट्या वाटीच्या आकाराची मिठाई. आजी, तू जरा जपाची माळ घे हातात, यात अंडं आहे. नुसतं आहे असं नाही, अंड्यावाचून यात काही नाहीच. पण त्याचीही गोष्ट धार्मिकच आहे. जुन्या काळी इथल्या मठांत कपड्यांना खळ घालायला अंड्यातलं पांढरं वापरायचे. पिवळं उरायचं ढिगाने. साखर मुबलक. मग जोगिणी अन् साधू त्या दोन गोष्टींची मिठाई करत बसले. म्हणून इथल्या मिठायांची नावं अशी: ‘जोगिणीचं पोट’, ‘देवदूताची हनुवटी’, ‘स्वर्गातली चरबी’. नावं मी बनवलेली नाहीत, दुकानात पाटीवर असतात. १८३४ मध्ये सरकारने मठ बंद केले, तेव्हा बेलें इथल्या मठाची कृती शेजारच्या साखरेच्या कारखान्याकडे गेली आणि १८३७ पासून तिथलं दुकान चालू आहे. तिथे रविवारी रांग पाहिली तर रामनवमीच्या शोभायात्रेला बरी म्हणाल. मी रांगेत उभी राहिले, खाल्लं, छान होतं. पण माझं मन माझ्या कोपऱ्यावरच्या बेकरीत आहे, कारण तिथे मला करताना पाहता येतं.

आई, हे तुझ्यासाठी. सकाळी सातला तो बेकरीवाला काचेमागे असतो. लोण्याचे थर दिलेली कणकेसारखी लाटी, तिची घट्ट वळकटी, वळकटीचे अंगठ्याएवढे काप. थांब, ओळखीचं वाटलं ना? चिरोटे! साटा लावून गुंडाळी करून तू काप करतेस, हुबेहूब तसंच. फक्त तू तो काप आडवा लाटतेस आणि तुपात सोडतेस. हा माणूस काप उभा एका छोट्या पत्र्याच्या वाटीत ठेवतो, अंगठा पाण्यात बुडवतो, मधोमध दाबतो, आणि वाटी हातात गोल फिरवत अंगठ्याने कणीक कडेपर्यंत चढवतो. कड थोडी वर राहिली पाहिजे. तीन-चार सेकंदांत एक वाटी. अंगठा परत पाण्यात. मी बराच वेळ पाहत राहिले, तर त्याने काचेतून एक वाटी मला दाखवली: तळ इतका पातळ की पत्रा दिसत होता, आणि कडेला थरांची गोल गोल रेघ, चिरोट्याला असते तशी. मग त्यात दूध, साखरेचा पाक, लिंबाची साल, दालचिनी आणि ती पिवळी भानगड. भट्टी जवळजवळ तीनशे अंशांवर. बाहेर येतं तेव्हा वर काळे ठिपके पडलेले असतात, पुरणपोळीला तव्यावर पडतात तसे. ते ठिपके नसतील तर इथले लोक तोंड वाकडं करतात.

पहिला घास मी नागपुरी घाईने घेतला आणि जीभ पोळली. दोन दिवस कशालाच चव नव्हती. आता शहाणी झाले. छोटी कडक कॉफी मागवायची, तिला इथे ‘बिका’ म्हणतात. वर दालचिनीची पूड भुरभुरायची, कोंबडीची गोष्ट उघडायची. एका पानाला एक नाता. एका हातात कोंबडीची गोष्ट, दुसऱ्या हातात कोंबडीची मेहनत. (आई, मनात: दिवसाला एकच खाते असं बाबांना सांग. शनिवार-रविवार धरू नकोस.)

आजी रुसली असेल. आजी, तुझ्यासाठी अंडं नसलेलं सांगते. माझ्या खालच्या मजल्यावर एक आजीबाई राहतात, ऐंशीच्या पुढच्या. जिन्यात भेटल्या की माझ्या पिशवीत काय आहे ते हात घालून बघतात, अगदी तुझ्यासारख्या. मागच्या रविवारी त्यांनी खाली बोलावलं. ओट्यावर पसरट बशा मांडलेल्या आणि त्यांत आपली तांदळाची खीर! इथे तिला आरोश दोस म्हणतात, गोड भात. जाडसर तांदूळ, दूध, साखर, दालचिनीचा तुकडा आणि लिंबाची साल. मी म्हटलं, दूध फाटेल की! त्या हसल्या. सालीचा पिवळा भागच घ्यायचा, पांढरा आला की कडू होतं. आणि रस पडला तरच दूध फाटतं, सालीने नाही. काही घरांत यातही अंड्याचं पिवळं घालतात, यांच्या घरी घालत नाहीत. मी दोनदा विचारून घेतलं, तुझी शप्पथ. खीर आपल्यापेक्षा घट्ट, बशीत ओतली की थिजून वर साय धरते.

आणि त्या सायीवर दालचिनीची रांगोळी. मी थट्टा करत नाही, आजी. अंगठा आणि पहिलं बोट यांच्या चिमटीत पूड घेतात आणि चिमूट सैल करत रेघ सोडतात. तीच चिमूट, तोच हात हवेत थोडा वर धरणं, तेच श्वास रोखणं. त्यांनी जाळी काढली, एका बशीवर नवऱ्याच्या नावाचं आद्याक्षर काढलं. ते जाऊन बरीच वर्षं झाली. मग एक कोरी बशी माझ्यापुढे सरकवली. मी काय काढणार? गोपद्म काढलं. तू चातुर्मासात देवापुढे काढतेस ते. हात थरथरला, एक पाऊल फिसकटलं. त्यांनी विचारलं हे काय, तर माझ्या तुटक्या पोर्तुगीजमध्ये मी म्हटलं, ‘गाय, पाय’. त्यांनी बराच वेळ बशीकडे पाहिलं आणि ती बशी कोणाला खाऊ दिली नाही, फ्रिजात ठेवली. तू म्हणशील, तांदळाची खीर म्हणजे पितृपक्षातली, रविवारी कशाला? मला त्या आद्याक्षराकडे पाहून वाटलं, तसं फार वेगळं नाही.

त्यांनीच मला तुळसही दिली. म्हणजे तुळस नाही, सब्ज्याच्या जातीतलं, बारीक पानांचं गोल झुडूप: मंजेरिको. तेरा जूनला संत अंतोनियोचा सण असतो, आदल्या रात्री सगळं शहर रस्त्यावर, सार्डिन माशांच्या धुराने डोळे चुरचुरतात. त्या सणाला हे झाड कुंडीत देतात आणि कुंडीत खोचलेलं एक कागदी फूल, त्याला चिठ्ठी, चिठ्ठीवर चार ओळींची कविता. नाक लावून वास घ्यायचा नाही, झाड मरतं म्हणतात. हात फिरवायचा आणि हात हुंगायचा. विश्वास कशावरही ठेवा, झाडाला नाक न लावायची शिस्त मला पटली. कवितेला तीन संध्याकाळी लागल्या. प्रेमाची आहे, यमक बरं आहे, बाबा नापास करतील.

आता संत्र्याचं प्रकरण. हे बाबांनी नीट ऐकावं, कारण इथे मी तुमच्या वतीने भांडले. लिस्बनहून चाळीस मिनिटांच्या लोकलवर सिंत्रा नावाचं गाव आहे. डोंगर, धुकं, राजवाडे, आणि ‘उशी’ नावाची बदामाच्या सारणाची मिठाई, तीही उशीच्याच आकाराची. ऑफिसातला एक सहकारी सोबत होता. तो म्हणाला, “तुम्ही लोक संत्र्याला संत्रा म्हणता ते आमच्या सिंत्रावरून. आम्हीच नेली.” मला क्षणभर गुदगुल्या झाल्या, खोटं कशाला बोलू. जुन्या इंग्रजी कोशांतही या दंतकथेचा उल्लेख सापडतो. पण मग आठवलं, बाबर १५३० मध्ये गेला आणि हिंदुस्थानातल्या फळांची यादी करताना त्याने ‘संगतरा’ लिहून ठेवलाय. पोर्तुगीजांनी गोवा घेतलं १५१० मध्ये. वीस वर्षांत सिंत्राचं नाव गोव्यातून आग्र्यापर्यंत फळाला चिकटून गेलं म्हणायचं? मी म्हटलं, दादा, राहू दे.

खरी गंमत पुढे आहे. ग्रीक लोक संत्र्याला ‘पोर्तोकाली’ म्हणतात, तुर्की ‘पोर्ताकाल’. म्हणजे पोर्तुगाल. आणि खुद्द पोर्तुगालमध्ये म्हणतात ‘लारांजा’, जो फिरत फिरत आला आपल्या नारंगावरून, नारिंगावरून. त्यांचं नाव दुसऱ्यांनी घेतलं, त्यांनी आपलं. सहकाऱ्याला हे सांगितलं तर तो उशी खात म्हणाला, मग कॉफीचे पैसे कोण देणार? मी दिले. आणि एक सांगते, इथली संत्री छान असतात, रसदार, पण साल सोलता सोलत नाही. चाकू लागतो. आपला मृगाचा संत्रा कसा, नख लावलं की साल आपणहून बाजूला होते. चाकूने कापून खायचं फळ मी अजून संत्रा म्हणून स्वीकारलेलं नाही.

पुस्तकांचा मेळा नुकताच संपला. दरवर्षी भरतो, १९३० पासून, एदुआर्दु सातव्याच्या नावाच्या मोठ्या उतरत्या बागेत. दोन्हीकडे रंगीत टपऱ्यांच्या रांगा, मध्ये जांभळ्या फुलांचा जॅकरांडा गळत असतो, पुस्तकांवर फुलं पडतात, विक्रेते फुंकरीने उडवतात. सोमवार ते गुरुवार रात्रीच्या शेवटच्या तासाला जुन्या पुस्तकांवर निम्मी सूट. तो तास मी घड्याळ लावून पकडला. पण आधी फार्तुरा खाल्ला. फार्तुरा म्हणजे जिलबीचं अवाढव्य भावंड: कढईत पिठाची एकच मोठी गुंडाळी सोडतात, तळून बाहेर आली की कात्रीने तुकडे करून साखर-दालचिनीत लोळवतात. पाक नाही, ही तिची खोट. शब्दाचा अर्थ मात्र ‘रेलचेल’. मी एका हातात तो कागदाचा द्रोण धरून दुसऱ्या हाताने पुस्तकं चाळत होते, तर एका म्हाताऱ्या विक्रेत्याने काहीही न बोलता माझ्या हातात ओला रुमाल दिला. लाजले. बोटं पुसली आणि त्याच्याकडून दोन पुस्तकं घेतली, एक लागत नव्हतं तरी. घरी आल्यावर एकात साखरेचे दाणे निघाले. ते मी झटकले नाहीत.

तिथे उभी असताना मला दीक्षाभूमी आठवत होती. बाबा, तुम्ही मला दर वर्षी न्यायचात, धम्मचक्र प्रवर्तन दिनाला. बाहेर कोणीतरी वाटत असलेली बुंदी द्रोणात, आणि आत पुस्तकांच्या दुकानांची ती लांबलचक ओळ. लिस्बनचे लोक पुस्तक चाळतात, वास घेतात, परत ठेवतात, पुढे जातात. दीक्षाभूमीवर लोक घ्यायलाच येतात. मराठवाड्यातून, बुलढाण्याकडून रात्रभर गाडीत बसून, डोक्यावर गाठोडं, आणि जाताना गाठोड्यात पुस्तकं. एका बाईंनी पदराची गाठ सोडून नोटा काढल्या आणि तुम्हाला विचारलं, “दादा, हे बाबासाहेबांचंच हाय ना? पाहून सांगा.” तुम्ही पहिलं पान त्यांना उभ्याने वाचून दाखवलं. मागे गर्दी ढकलत होती, तुम्ही पान पुरं केलं. मी बुंदी संपवून द्रोण चाटत होते. एवढंच आठवतं, पण नीट आठवतं.

आणि वर्धा! २०२३ च्या फेब्रुवारीत, शहाण्णवावं साहित्य संमेलन. तुम्ही परिसंवादाला म्हणून गेलात आणि सापडलात गोरस भंडारच्या गोरसपाकाच्या पुड्यांसह. गाईचं तूप, कणीक, साखर, आणि अंडं नाही म्हणून आजीला चालणारं एकमेव बिस्किट. येताना गाडीत पुस्तकांची पिशवी मांडीवर, पुडा पिशवीत, आणि बुटीबोरी येईपर्यंत एका कथासंग्रहाच्या मुखपृष्ठावर तुपाचा डाग. तो संग्रह मी इथे आणलाय. डाग आता पारदर्शक झालाय, त्यातून पहिल्या पानावरची अक्षरं दिसतात. तेव्हा तुम्ही म्हणाला होतात की विदर्भ साहित्य संघाचा जन्मच संक्रांतीचा, १४ जानेवारी १९२३, तेव्हा आपल्याकडे साहित्याने गोडाला नाक मुरडायचं कारण नाही. आईने तेव्हा तुमची शुगर किती आली होती ते सांगून विषय संपवला.

आता कामाचं. दिवाळीला मावसभाऊ येतोय, त्याच्याबरोबर काय द्यायचं ते लिहून घे. दुधाचं काहीही नको. युरोपात बाहेरून सामानात दूध-खव्याचं आणायला बंदी आहे, तूपही त्यातच आलं, त्यामुळे संत्रा बर्फी नाही, आणि उगाच वाद नको म्हणून चिरोटेही नकोत. पाठवायचंच तर तिळाची वडी, गूळ घातलेली, बिनतुपाची. बाकी सगळं वजन पुस्तकांचं. दिवाळी अंक दोन-तीन, बाबा निवडतील ते. बर्डीवरच्या फूटपाथवर जुनं काही चांगलं दिसलं तर तेही, आधीच्या मालकाचं नाव आणि तारीख असलेलं असेल तर फारच छान. आजीची चातुर्मासाची जुनी पोथी मागणार होते, पण ती तिला लागेल. त्यातल्या गोपद्माच्या पानाचा फोटो पाठव. पाऊल परत फिसकटायला नको.

बाबा, ड्रॉप्स वेळेवर. डोळे चोळू नका. रविवारी फोन करीन तेव्हा कोंबडीचं पुढचं पान सांगते. तिला तिकीट मिळालंय, पण चुकीच्या गाडीचं.

आजीला नमस्कार, तुम्हा दोघांनाही.

तुमची,
पोट्टी

ता. क. आई, मनात. कपाटाचा दुसरा कप्पा, पहिल्या खंडामागे. मी मागच्या वेळी आले तेव्हाही डबा होता. आता त्यांना दिसत नाही म्हणून हाताने चाचपून काढत असतील, खंड पायावर पडेल. डबा पुढे आणून ठेव. आत एकच तुकडा असू दे, छोटा.